उरलेला धोका

मी, डॉ. राजेश्वरी इंद्रजीत बंडगर, वय सेहेचाळीस, पशुवैद्य, राहणार जुळे सोलापूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. औषधाची गुंगी दुपारनंतर चढते, म्हणून सकाळची वेळ निवडली आहे. माझा आजार बरा होणारा नाही. डॉक्टर टक्केवारी सांगू लागले तेव्हा मी म्हटले, "आकडे नकोत. नगण्य, कमी, मध्यम की जास्त, तेवढं सांगा." ते टेबलाकडे बघत म्हणाले, "जास्त."

हे चार शब्द म्हणजेच माझी नोकरी होती. गावात रोग शिरण्याचा धोका किती, हे ठरवायला पुरेसे आकडे बहुतेक वेळा नसतात. मग जे दिसते आणि जे अनुभवाने कळते, त्यावरून या चारांतला एक शब्द लिहायचा आणि तोच का लिहिला, ते खाली मांडायचे. हे मृत्युपत्रही त्याच सवयीने लिहिले आहे.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझी एकुलती मुलगी ऋतुजा, वय पंधरा, हिला मिळावी. माझे पती इंद्रजीत बांधकाम अभियंता होते. ऋतुजा रांगू लागली तेव्हा त्यांनी जिन्याचा कठडा गरजेपेक्षा उंच करून घेतला. घर विकले तरी चालेल, पण आमचे आहे तोवर तो कठडा कोणी कमी करू नये.

२. शवविच्छेदनाच्या सुऱ्या, गमबूट आणि थर्मामीटर दवाखान्यातले माझे सहकारी रुद्रप्पा यांना द्यावेत. थर्मामीटर माणसांना लावू नये. त्यांना हे माहीत आहे, तरी लिहिते. बांधकामाची पातळी बघायची इंद्रजीतची पाणसळ ऋतुजाची.

३. दुष्काळात मोहोळजवळ जनावरांची छावणी उभी राहणार होती. जागा बघायला इंद्रजीत आला होता आणि मीही. आमची ओळख तिथलीच. सगळ्या गावांची जनावरे एकाच हौदावर पाणी पिणार, म्हणून मी रोगाचा धोका 'जास्त' लिहिला. वरिष्ठांनी तो 'मध्यम' केला. म्हणाले, "शब्दच तर आहे, मॅडम." त्या साहेबांना माझ्या टेबलावरचा खोडरबर पोचवावा. बराच शिल्लक आहे.

४. ऋतुजाचा पालक नेमण्याबाबत. हे कलम सर्वांत जड गेले.

इंद्रजीत आणि मी धोक्याकडे दोन टोकांनी बघायचो. मी सुरुवातीपासून निघायची: रोग कुठून शिरेल, कोणाला गाठेल, मग काय होईल. तो शेवटापासून निघायचा. पूल पडला आहे असे धरायचा आणि मागे मागे जात कशाने पडला ते शोधायचा. मृत्युपत्र त्याच्याच पद्धतीने लिहावे लागते. मी गेले आहे, असे धरले. आता ऋतुजा कुठे आहे?

माझा भाऊ जोतीराम पुण्यात असतो. चांगली शाळा, जवळ इस्पितळ, दाराशी वॉचमन. प्रत्येक ओळीपुढे मी 'कमी' लिहिले. माझ्या सासूबाई केराबाई मोहोळ तालुक्यात मेंढ्या घेऊन राहतात. वय सत्तरीपुढे, घर गळके, गुडघे दुखरे. तिथे एकदाही 'कमी' लिहिता आले नाही.

शिवाय आमचे जुने काही आहे. एकदा त्यांच्या कळपातल्या अचानक मेलेल्या मेंढ्या, रोग पसरू नये म्हणून, मी सोलू दिल्या नाहीत, चुना टाकून पुरायला लावल्या. "सून हाय का सरकार?" म्हणाल्या. त्यावर मी हसले होते. दुसऱ्या बोलण्यावर हसता आले नाही. सात वर्षांपूर्वी इंद्रजीत कामावरच छातीत कळ येऊन गेला. त्याच्या दिवसांत, भरल्या घरात त्या म्हणाल्या, "जगाचा धोका मोजती, माज्या लेकराचा न्हाय मोजला." तेव्हापासून आम्ही दोघी जे काही बोललो ते ऋतुजामार्फत.

तेव्हा मी जोतीरामचे नाव लिहिले. ऋतुजा मागे उभी राहून वाचत होती.

"मामाकडं सगळंच कमी?"

"हो."

"आणि माझं मत कुठल्या रकान्यात घातलंस?"

धोका ज्याच्यावर येणार त्याला विचारावे, हे तिला कोणी शिकवले नव्हते. मी म्हटले, "सांग."

"मामी तुझा फोटो कपाटात ठेवेल. मला रडू येऊ नये म्हणून, चांगल्या मनानंच ठेवेल. आजी रोज तुझ्या नावानं बोटं मोडेल." तिने जोतीरामच्या नावावर बोट ठेवले. "पण नाव घेईल की."

मी जोतीरामचे नाव खोडले. खोडरबराने नव्हे, पेनाने, सगळ्यांना दिसेल असे.

५. म्हणून ऋतुजा सज्ञान होईपर्यंत तिच्या पालक केराबाई राहतील. त्यांना झेपेनासे झाले तर जोतीरामने पुढे व्हावे. जोती, राग मानू नकोस. तुझ्या घरात उणे काहीच नव्हते.

६. केराबाईंचे ते वाक्य मी सात वर्षे जपले. ते कोणाच्याही नावे करत नाही. माझ्याबरोबर जाईल.

७. सगळे उपाय करूनही थोडा धोका उरतोच, आणि तो कोण पत्करणार ते अहवालाच्या शेवटी लिहावे लागते. इथे तो माझी मुलगी पत्करते आहे. मी फक्त सही करणार आहे.

८. काल मी स्वतः केराबाईंना फोन लावला. "आत्या, ऋतुजाला तुमच्याकडं ठेवावं म्हणते. विचार करून सांगा."

पलीकडून मेंढ्या ऐकू येत होत्या.

"इचार कसला करायचा? पोरीची वाकळ कवाच उन्हात घातलीया." मग आवाज खाली आला. "दोन घातल्यात. तू बी ये की डाक्टरीणबाई. हितं ऊन लई चांगलं पडतं."

येत्या रविवारी आम्ही दोघी जात आहोत. त्यापुढे माझा पत्ता केराबाईंच्या घरचा धरावा.

हे सारे मी वाचून पाहिले आणि खालील दोन साक्षीदारांच्या डोळ्यांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

सही: राजेश्वरी इंद्रजीत बंडगर

साक्षीदार: १. रुद्रप्पा, दवाखान्यातले सहकारी
२. दिपाली, शेजारीण

ठिकाण: सोलापूर
दिनांक: १६ जानेवारी २०२५