पाय धरू दिले नाहीत

सोमवार, ६ मार्च
आज पुन्हा कार्यशाळा! मार्गिट मॅडम म्हणाल्या, युद्धानंतर तुमच्या देशात नागरी समाज उभा करायचाय. दुभाषी मी. आमच्या लोर्मा भाषेत काय डोंबल सांगू? म्हटलं, "बाई म्हणतात, आपल्याला माणसात आणायचंय." बायका खो खो हसल्या. मॅडम खूश — सहभाग वाढला म्हणे!

त्यांचं नवं शांतीगृह म्हणजे सिमेंटची फरशी, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचा गोल. भिंतीवर नियम — इथे कुणी कुणापुढे झुकणार नाही.

मग फायाची माफी. दर वेळी तीच, माइकवर, घोकलेली. युद्धात याच मेल्यानं माझ्या आकोईदादाला घरातून ओढून नेलं होतं. मॅडमनी डोळे पुसले. अरे, माफी घाल चुलीत, दादाला कुठे पुरलंस ते सांग! आई तेवढ्यासाठी जीव धरून आहे.

बुधवार, ८ मार्च
कबरी सजवायचा दिवस. सगळं वोइंजामा गाव झाडू-चुना घेऊन आपापल्या कबरींकडे गेलं. आईनंही चुना कालवला. बादली पुढ्यात घेऊन अंगणातच बसून राहिली. जाणार कुठे?

शनिवार, ११ मार्च


आज आईही आली होती. तिला बघून फायानं माइक खाली ठेवला. गुडघ्यांवर आला, तिचे पाय धरले. पाय धरून आमच्यात कुणी खोटं बोलत नाही, आणि डोक्यावर हात पडेपर्यंत उठायचं नसतं. आता सांगणार, दादा कुठे आहे ते!

आणि मॅडम धावल्या! "नाही नाही, इथे सगळे समान!" ओढून उभं केलं, मिठी मारली. वर टाळ्या! गाढवीणबाई, पाय धरलेल्याला उठवणं म्हणजे त्याला हाकलणं! फाया मान खाली घालून निघून गेला.

"किती सुंदर क्षण होता, नाही?" मला विचारतात! घरी आई म्हणाली, "कोर्पो, पोराला मधेच उठवलं गं. आता कुठल्या तोंडानं येईल?"

पोर म्हणते त्याला!

सोमवार, १३ मार्च
फाया गायब. परदेशी पाहुण्यांना दाखवायला नाही म्हणून मॅडम हवालदिल. "आमचा फाया कुठाय?" आमचा म्हणे!

बुधवार, १५ मार्च
सकाळी फाया घरी आला. आईचे पाय धरले, घट्ट. या वेळी उठवायला कुणी नव्हतं. "आई, तिथेच सांगणार होतो. त्या खुर्च्यांखाली आहे तो. तेव्हा कॉफीची झाडं होती तिथे." आईनं डोक्यावर हात ठेवला. मी नसता ठेवला.

आई शांतीगृहात आहे. खुर्च्या फायानं बाहेर काढल्या. ती फरशीवर बसून चुना फासतेय. मॅडम ओरडताहेत — तिला सांग, उठ म्हणावं!

मी भाषांतर केलं नाही.