कोरं कापड

बुधवार, पौष, सन १९५५. सूरजागडखाली, लाकूडतोडीच्या मुक्कामावर.

तिकडं आरमोरीले माय गोधडी शिवून राह्यली, म्हणून अहेरीच्या बाजारातून दोन वार लाल कापड घेतलं. कवडूभाऊ गाडीवानासंगं धाडलं. आज ते जसंच्या तसं वापस आलं.

कवडूभाऊ म्हणे, "तुही माय हासली रे. म्हणे, माह्यासंगं टाके घालत होता, अन् एवढं इसरला? कोरं कापड धुतल्यावर आटते, सारी गोधडी सुरकुतते. आधी आंगावर झिजव म्हणा. मधला चौकोन त्याच्यासाठी रिकामा ठेवला."

इसरलो कसा मी? कोणता तुकडा कुठी लावावा हे सुचलं नाई, की माय तळ्यावर जाऊन बसे. पाण्याकडं पाहत राहे. घरी येऊन म्हणे, "निळ्याजवळ मातकट लाव." मी लावत होतो. जन्मभर तिले त्याचाच नाद.

आता तिच्या सुईत दोरा कोण ओवून देते? हे विचारायचं राहूनच गेलं. डोळे तर मागच्या सालीच कमी झाले होते. अन् मधला चौकोन रिकामा. कापड झिजेपर्यंत तिले दिसन का?

सांजच्याले त्याच कापडाची बंडी शिवाले बसलो. सोबतचा लखू हासला, "लाल बंडी! लगन आहे का बे तुहं?"

"आहे," म्हटलं.

उद्यापासून हीच घालून लाकडं वाहतो. खांद्यावर तर होळीपर्यंतच विरन. मंग मीच घेऊन जातो, मुकादम काही म्हणो.