सैल सोडलेला हात

ती. ताईस,
धाकट्याचा वाकून नमस्कार.

माझं बरं चाललंय. दुकानात दुरुस्तीला आलेल्या पाण्याच्या मोटारींची रांग लागली आहे आणि जेवण वेळेवर होतं. तुझे गुडघे काय म्हणतात?

उजव्या हाताचं तू विचारलंस. पाना धरवत नाही, म्हणून मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी दंडात सुई टोचून तिची तार एका यंत्राला जोडली. मेंदूचा हुकूम नसांमधून स्नायूपर्यंत पोचतो का, ते म्हणे त्यात ऐकू येतं.

"हात सैल सोडा, काका."

मी सोडला, तरी यंत्र तडतडतच राहिलं, पत्र्यावर वाळू सांडावी तसं.

"सैल सोडल्यावर हा गप्प बसायला हवा ना?" मी विचारलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मोटारींनी. बटण बंद केल्यावरही जी आवाज करते, तिचं काही खरं नसतं."

बाई हसल्या, पण कागदाकडे बघत. नसा सुकत चालल्यात म्हणाल्या. "गोळ्या घ्या, सहा महिन्यांनी बघू."

ताई, पार जळालेली मोटार घेऊन गिऱ्हाईक आलं की मीही अगदी त्याच आवाजात म्हणतो, "ठेवून जा, बघतो."

आईला सांग, हात मुरगळलाय. अक्षर मात्र तिला दाखवू नकोस, डाव्या हाताने लिहितोय. कालपासून त्याही दंडात आपोआप काहीतरी फडफडतंय, म्हणून जमतंय तोवर लिहून घेतलं.

भाऊजींना नमस्कार, पोरांना पापे.

तुझा,
धाकटा