सदऱ्यांची गोधडी

मंगळवार, जानेवारी १९९६. शिरवणे.

पनवेलपलीकडं डोंगरावर विलासकडं जाऊन आले. बेलापूरची नोकरी सोडून पोरगा तिथं बारा बिऱ्हाडांत राहतो. वीज नाही, चूल एकच, सगळं सगळ्यांचं. हे गेल्यावर ह्यांच्या सदऱ्यांची गोधडी शिवून त्याला दिली होती. ती कुठल्या पाहुणीच्या अंगावर!

मी तोंड सोडलं, तर म्हणतो, "आई, इथं ज्याला थंडी त्याची गोधडी."

"अरे शहाण्या, सदरे कुणाचे ते तरी ओळखलंस का?"

निळ्या चौकड्याकडं बघत राहिला. बापाचा सणासुदीचा सदरा.

"कुणाचे?" म्हणाला.

ओढूनच आणणार होते. का नाही आणली? ती बाई कुडकुडत होती, म्हणून. तो निळा चौकडा काही डोळ्यापुढून हलत नाही. तिथं सगळं वाटून घेतात म्हणे. हे मात्र माझ्या एकटीच्या वाट्याला राहिले.