वरच्या पोत्यातला मक्का

४ सप्टें.
कोंबडीच्या पिल्लांचा सहावा आठवडा भरला. मंदानं नमुन्याला दहा धरून दिली, मी काट्यावर टाकली. एकही चारशे ग्रॅ.च्या वर नाही. मागच्या खेपेची याच वयात साडेसहाशेला होती. पिसं विस्कटलेली, पाय फिके. मं. म्हणते, "दाना सोडून राहिले ते." मी म्हणालो, वेळेवर टाकत जा.

६ सप्टें.
तुमसरहून मंदाचा भाऊ. शेडमध्ये डोकावून म्हणाला, "भाऊजी, ह्या तं चिमण्या होय." मी हसत हसत, तुझ्या बहिणीचं सगळं लक्ष सीरियलमध्ये. तोही हसला. तो गेल्यावर मं.: "कावून बोलले माह्या भावासमोर? मी का उपाशी ठेवून राहिली त्यायले?"
पुण्याहून पोराचा फोन. नेहमीचंच, आई थकते, शेड बंद करा. दरवेळी ती त्याला उडवून लावते. आज म्हणाली, "करून टाकू. हेच शेवटची खेप."
शेड तिचं. मी नुसता मक्का आणतो, साठवतो, दळतो. ते बंद झालं तर कोहक्याच्या या घरात दोघं दिवसभर एकमेकांची तोंडं बघणार. नको.

९ सप्टें.
दोन मेली. जनावरांच्या डॉक्टरांनी एक फाडून दाखवलं. यकृत हळदीसारखं पिवळं, बोट लावलं की तुटतं. "दाना कहाँ रखते हो?"
पोती दाखवली. ऑगस्टच्या झडीत खालची भिजली होती, हिरवी बुरशी धरली होती. मी गच्चीवर चार दिवस वाळवली, चाळली, परत भरली. वास गेला, म्हटलं झालं. डॉ.: "फफूंद जाती है काका, जहर नहीं जाता." बुरशीचं हे विष यकृत धरतं, पिल्लू वाढतच नाही. सॅम्पल लॅबला द्या, तोवर हा मक्का बंद.

१० सप्टें.
दुर्गला स्वतः जाऊन सॅम्पल दिलं. पिल्लांना दुकानचं खाद्य.

१६ सप्टें.
रिपोर्ट क्लीन! मं.च्या हातात दिला. बघ, माझा मक्का साफ आहे. तिनं चष्मा लावून सगळा वाचला, घडी करून परत दिला. "मंग माह्या हातातच दोष असन."
संध्याकाळपासून परत आपलाच मक्का सुरू.

१७ सप्टें.
चहा देताना मं. सहज म्हणाली, "कोनत्या पोत्यातला नेला होता?"
वरच्या. उघडं होतं ते. वरवरची एक मूठ.
चहा तसाच राहिला. बत्तीस वर्षं स्टील प्लान्टमध्ये सॅम्पलिंगला काढली. लोहखनिजाच्या वॅगनवर चढून वरवरचं उचलणाऱ्या किती जणांना मी शिव्या घालून खाली उतरवलं असेल. आणि घरी, बायकोचा जीव टांगणीला असताना, एक मूठ!! वर तो रिपोर्ट तिच्या तोंडासमोर नाचवला. लाज वाटली. अजून वाटते आहे.
मक्का बंद. आत्ता, या क्षणापासून.

१८ सप्टें.
अकराही पोती उघडली. पाइप तिरपा कापून वरून, मधून, तळातून काढलं. ताडपत्रीवर ढीग, चार भाग, समोरासमोरचे दोन बाजूला, उरलेलं परत मिसळायचं, परत चार भाग. अगदी वॅगनचं करायचो तसं. चौथ्या पोत्याच्या तळाशी ढेकळंच निघाली. मं.नं ताडपत्रीचं टोक धरलं होतं. परत दुर्ग.

२५ सप्टें.
रिपोर्ट. विष लिमिटच्या कितीतरी वर.
मागच्या गल्लीतला डेअरीवाला हजर. "फेंकते क्यों हो, भैंस खा लेगी." म्हणालो, तुझ्या म्हशीच्या दुधाचाच आमचा चहा होतो, विष दुधात उतरतं. त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. मागे खड्डा खणला, अकराही पोती चुना टाकून गाडली. पाठ गेली कामातून. एक दाणा ठेवला नाही.

२६ सप्टें.
मं.च्या भावाला फोन केला. मं. समोर भाजी निवडत बसलेली, मुद्दाम स्पीकर लावला. सांगितलं, तुझ्या बहिणीचा काडीचा दोष नव्हता, मक्का मी नासवला, तपासायलाही मीच चुकलो. तो म्हणाला, "जाऊ द्या ना भाऊजी." मं. म्हणाली, "कावून जाऊ द्या?" आणि आत गेली.

१६ ऑक्टो.
तीन आठवडे नवा मक्का. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. रोज तळापर्यंत हात घालून बघतो. आज दहांचं वजन: सहा चांगली भरली, चार तशीच खुरटलेली. डॉ. म्हणतात, "बाकी भी उठ सकते हैं, टाइम दो."
मं.ला आकडे वाचून दाखवले. "बरं हाय," म्हणाली. पूर्वी वजनाला पिल्लं तीच धरून द्यायची. आज मी एकट्यानं धरली, दोन निसटली, ती दारातून बघत होती.
पोराचा फोन आला. काय ठरलं? तिनं फोन माझ्याकडे दिला. मी म्हणालो, आईचं शेड आहे, आईला विचार. परत तिच्याकडे दिला. कानाला लावून ती शेडच्या दारापर्यंत गेली. मग म्हणाली, "अजून चार उठाची हायेत रे. ते पाहू दे."
बुधवारी परत वजन. मला भीती वाटते ती पिल्लांची नाही; ती धरून द्यायला मं. येते की नाही, याची.