उत्तरेकडचा चुना

मी, नोएमी बारागान सेलिस, वय एकतीस, अविवाहित, धंदा जमीनमोजणी, राहणार सान एउसेबिओ, तेवाकानचे खोरे, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. बुधवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. शंभरातले चार रुग्ण वाचत नाहीत, असे मी विचारल्यावर डॉक्टरांनी सांगितले. मोजणीत एवढी चूक मी कधी चालवून घेतलेली नाही. माझे मन ठिकाणावर आहे. राग आहे, पण रागाने माझे आकडे चुकत नाहीत.

१. परसात चिचिपेची सहा झाडे आहेत. शहरातल्या नोटरीसाठी लिहिते: हा झाडासारखा वाढणारा निवडुंग आहे, कुंपणाचा फड्या निवडुंग नव्हे. सर्वांत उंच झाड चार मीटर साठ. सगळी माझ्या आईने, दोन्या ऑरेलियाने, फांद्या लावून वाढवली. मी मेले आणि कागद नसला, तर ती मामा एर्मिलो सेलिसकडे जातील. तसे होऊ नये म्हणून हा कागद. घर, परस आणि सहाही झाडे शेजारच्या क्रिसेंसिआ मावशींना द्यावीत.

२. कारण नोंदवते. चिचिपेची फांदी कापण्याआधी तिच्या उत्तरेकडच्या अंगाला चुन्याचा पट्टा ओढतात. नव्या जागीही पट्टा उत्तरेलाच ठेवायचा, नाहीतर सावलीत वाढलेली साल दक्षिणेच्या उन्हात करपते. आईने जाण्याआधी एका फांदीवर असा पट्टा ओढला होता. ती फांदी क्रिसेंसिआ मावशींना कबूल केलेली होती. मी कामावर असताना मामाने ती कापली आणि महामार्गावरच्या आपल्या खाणावळीपुढे रोवली. रस्ता दक्षिणेला आहे. त्याने पट्टा रस्त्याकडे केला.

"मामा, पट्टा उत्तरेला हवा."

"अगं बाई, मग गिऱ्हाइकाला काय दिसणार? एवढी छान रंगवलीय तुझ्या आईने!"

"रंगवलेली नाही. ती खूण आहे."

"ऐका हो! भाची आता निवडुंगालाही नकाशा वाचायला लावणार."

मक्याच्या पोळ्या, तोर्तिया, हातात धरून जेवणारे सगळे हसले.

दोन महिन्यांत फांदी पिवळी पडली, मग तपकिरी. आमच्याकडे समजूत आहे की कुढत दिलेली फांदी मूळ धरत नाही. मामाने गावभर सांगितले, "नोएमीनेच दिली होती. मनापासून दिली नाही, म्हणून जळली." मी दिली नव्हती. मला कोणी विचारलेही नव्हते. तरी भर बाजारात मला ऐकावे लागते, "काय गं, एका फांदीसाठी एवढा जीव खालीवर?" हे खोटे आहे, आणि ते खोटे असल्याचे मी इथे शाईने लिहीत आहे.

मागच्या रविवारी मामा टोपलीभर चिचिपेची फळे घेऊन तब्येत विचारायला आला. फळे आमच्याच परसातली. "काळजी करू नकोस, पोरी. तुझं काही झालंच, तर झाडं मी बघतो." बोलता बोलता तो परसाची लांबी पावलांनी मोजत होता. चुकीची मोजली.

३. मोजणीची पोलादी फीत मी शिकले त्या तंत्रशाळेला द्यावी. दुर्बीण कार्यालयाची आहे, ती परत करावी.

४. फांदी कापली त्या दिवशी मामा आपली करवत आमच्या परसात विसरला. ती परत करू नये. दातांवर चीक वाळला आहे, तो पुसू नये.

५. क्रिसेंसिआ मावशींनी पहिली फांदी आपल्या अंगणात लावावी. आईचा शब्द तेवढ्यासाठीच होता. त्यानंतर मागेल त्याला द्यावी, पट्टा ओढून.

६. दुसरी फांदी मामा एर्मिलोला द्यावी. सोबत माझे होकायंत्र. ही फांदी मी मनापासून देत आहे, हे दोन साक्षीदारांसमोर लिहिते. दोष माझ्या हृदयाच्या झडपेत आहे, देण्यात नाही. ही फांदी जळली, तर गावाने मामाला विचारावे, पट्टा कुठे होता.

सही: नोएमी बारागान सेलिस

साक्षीदार:
बाउदेलिओ रोसास, शाळामास्तर
प्रीमितिवा लूना, फळविक्रेती (बाजारात "काय गं" म्हणणारी हीच. तिला मुद्दाम बोलावले आहे. सही करण्याआधी तिने सहावे कलम दोनदा वाचले.)

सान एउसेबिओ, २ जून