डाव्या पुडीची कणीक

चेन्नई, रविवार

तीर्थरूप दादांना,
लेक दीपमालाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी मजेत आहे. इथं भात लई, पण आईला सांगा, वजन वाढलंय.

परवा तुमचा पखवाज स्टुडिओत वाजला. गाणं आजोबा वाजवायचे तशा एकतारीनं सुरू होतं, मधे पखवाज येतो आणि शेवटी माझ्या कॉम्प्युटरचा ठेका. आजोबा, तुम्ही आणि मी, एकाच गाण्यात!

आधी पखवाजही कॉम्प्युटरचाच होता, पण आमच्या संगीतकार सरांना तो पोकळ वाटला. म्हणून तुमचा काढला. डाव्या पुडीच्या कातड्याला लावलेली कणीक एसीत वाळून गळायला लागली. मग तेर गावच्या भजनात तुम्ही करायचात तसं ओलं बोट फिरवत राहिले. आवाज असा भरून आला की सर उठून उभेच राहिले.

"पोरीच्या हातात पखवाज?" म्हणणाऱ्यांना तुम्ही "व्हय, पोरीच्याच" एवढंच म्हणाला होतात. ते उपकार कसे फेडू, दादा?

वाजवून झाल्यावर कणीक खरवडली आणि सवयीनं गाईला द्यायला निघाले. दार उघडलं तर समोर लिफ्ट! सगळे हसले, मीही हसले.

गाय बरी आहे ना? आई दुपारी जरा पाठ टेकते का? तुमचा डावा हात खांद्यापर्यंत तरी जातो का आता? फोनवर तुम्ही नुसतं "बरं हाय" म्हणता. लकव्याचं मालिश बंद करू नका.

गाणं आलं की शेजारच्या शंभूला मोबाईलवर लावायला सांगा. पखवाजाचा डावा हात नीट ऐका. तो तुमचाच आहे.

तुमच्या मांडीशी बसून शिकलेली,
दीपमाला